एकाच पंगतीतल्या दोन हिरड्या

(सहायकांच्या वार्षिक मेळाव्यात एका दंतवैद्य भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलावताना चिटणीसांनी सांगितले होते, "डॉक्टरबाई, शिबिरात किती दात तपासले, किती काढले, किती भरले, तेवढे सांगा. वीस मिनिटे पुष्कळ झाली." ते आकडे अहवालात छापलेले आहेत आणि अहवाल तुमच्या हातात आहे. तो वाचून दाखवला तर तुम्हाला झोप येईल, आणि जेवणाची वेळ जवळ आली आहे. म्हणून अहवालात नसलेली एक गोष्ट सांगते. ती माझ्या चुकीची आहे. त्यात थोडा भाग तुमच्या भेटीचाही आहे, पण रागावू नका, पूर्ण ऐकून घ्या.

तीन वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलींच्या वसतिगृहात आम्ही गेलो होतो. बरोबर टूथब्रशची दोन मोठी खोकी होती. तुमच्यापैकी काहींनी प्रेमाने पाठवलेली. ब्रश कडक होते. कडक ब्रश जास्त दिवस टिकतो, असा पाठवणाऱ्यांचा हिशेब असावा, आणि तो अगदी घरातल्या बाईचा हिशेब आहे, मी त्याला नावे ठेवत नाही. मी स्वतः दंतवैद्य असून खोके उघडल्यावर मला काही खटकले नाही, हे अधिक वाईट.

व्हरांड्यात सगळ्या मुलींना बसवले. बऱ्याच जणी घरी राखुंडीने नाहीतर दातवणाने दात घासत. काहींच्या घरी मशेरी होती. दातांवर थर साचलेले पाहून मला जोर चढला. मी हातात ब्रश धरून दाखवले आणि म्हणाले, "चांगला जोर लावून घासायचे, मागे-पुढे, दोन्ही वेळा." मुलींनी होकार दिला. आम्ही फोटो काढले. एक फोटो याच त्रैमासिकात छापूनही आला.

पुढच्या वर्षी पुन्हा गेले. नववीतली एक मुलगी पुढे आली. वर्गात पहिली येणारी, रेक्टरबाईंच्या म्हणण्याप्रमाणे सांगितलेले शब्दशः करणारी. खालच्या पुढच्या दातांपैकी एक दात तिला लांब वाटत होता. "बाई, हा दात वाढायला लागलाय, आणि गार पाण्याने झिणझिण्या येतात." दात वाढलेला नव्हता. हिरडी खाली सरकली होती आणि दाताचे पिवळसर मूळ जवळजवळ तीन मिलिमीटर उघडे पडले होते. तिचा ब्रश पाहिला. बारा महिने रोज दोनदा, न चुकता, मी दाखवला तसा जोर.

तिच्यामागे तिची मैत्रीण उभी होती. तिच्याच खोलीतली. ब्रश तोच, सवय तीच, भाकरी-डाळ तीच, पाणी एकाच हापशाचे. तिच्या हिरड्या मात्र ठणठणीत. माझ्या सांगण्याने एकीचे नुकसान झाले आणि दुसरीचे काहीच झाले नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी नीट जेवले नाही. कारण या प्रश्नाचे उत्तर मला शिकवलेले होते, मी परीक्षेत लिहिलेही होते, आणि व्हरांड्यात उभी राहिल्यावर विसरले होते.

उत्तर असे आहे की हिरडीची जाडी माणसागणिक वेगळी असते.

आपण हिरडी म्हणतो तेव्हा सर्वांच्या तोंडात एकाच जाडीचे गुलाबी अस्तर असेल असे धरून चालतो. तसे नसते. पुढच्या दातांच्या बाहेरच्या बाजूला, ओठाकडे, ही जाडी कोणाची एक मिलिमीटरही भरत नाही, कोणाची दीड-दोनपर्यंत जाते. मोहरीचा बारीक दाणा आपल्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे. पातळ हिरडी म्हणजे त्या दाण्याहूनही कमी जाडीची गोष्ट. एवढ्याशा पडद्यामागे हाड असते, आणि पातळ हिरडीखाली बहुधा हाडही पातळच असते. काहींच्या बाबतीत मुळावरच्या हाडाला फटच असते किंवा खिडकीसारखे भोक असते. बाहेरून काही कळत नाही. वरचा पडदा सरकला की मग मूळ उघडे.

हे ओळखण्याची काही चिन्हे आहेत. पातळ हिरडीच्या माणसाचे दात बहुतेकदा निमुळते, त्रिकोणी आकाराचे असतात. हिरडीची कड खोल कमानींसारखी वरखाली जाते आणि दोन दातांमधले हिरडीचे टोक लांब व नाजूक असते. जाड हिरडीवाल्याचे दात चौकोनी, रुंद, कड सपाट, हात लावला तर हिरडी घट्ट लागते. १९६९ मध्ये ऑक्सेनबाइन आणि रॉस या दोघांनी असे दोन प्रकार मांडले. १९८९ मध्ये सायबर्ट आणि लिंडे यांनी त्याला 'बायोटाइप' हे नाव चालवले. २०१७ च्या जागतिक परिषदेत तज्ज्ञांनी तेही बदलून 'फेनोटाइप' म्हणावे असे ठरवले. नावे बदलण्याची डॉक्टरांना हौस असते. पण या वेळच्या बदलाला अर्थ आहे: बायोटाइप म्हटले की जन्माने मिळालेले, कायमचे, असा भास होतो, फेनोटाइप म्हणजे आज दिसते ते, आणि ते बदलू शकते, बदलवताही येते. पुढे त्या मुलीच्या बाबतीत याचाच उपयोग झाला.

मोजतात कसे, हे मला दर वेळी विचारले जाते. सगळ्यात सोपी रीत अशी. आमच्याकडे मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बोथट बारीक सळई असते, तिला प्रोब म्हणतात. हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक उथळ खाच असते, निरोगी तोंडात एक ते तीन मिलिमीटर खोल. त्या खाचेत प्रोब अलगद सरकवायचा आणि बाहेरून पाहायचे. हिरडीतून प्रोब दिसला तर हिरडी पातळ, नाही दिसला तर जाड. विरळ पदराआडून हात दिसतो आणि घोंगडीआडून दिसत नाही, तसेच. अचूक आकडा हवा असेल तर जागा बधिर करून बारीक सुई हाडापर्यंत टोचून मोजतात, किंवा अल्ट्रासाउंडने. शिबिरात ते कोण करणार? प्रोब, बॅटरी आणि प्लास्टिकची खुर्ची, एवढे पुरते.

इथे एक अडचण आहे, आणि ती परदेशी पुस्तकांत फारशी नसते. आपल्याकडे पुष्कळांच्या हिरड्या काळसर असतात. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हिरडीतही असते. तो रोग नाही, घाण नाही, घासून जाणारा डाग तर मुळीच नाही. वसतिगृहातल्या दोन मुली काळी हिरडी 'साफ' करण्यासाठी मीठ घेऊन घासत होत्या. कोणी सांगितले, विचारले तर टीव्हीवरच्या जाहिरातीतल्या बाईची हिरडी गुलाबी आहे म्हणाल्या. तर काळसर हिरडीतून प्रोबची छाया नीट उमटत नाही आणि सूज आली तरी तिची लाली झाकली जाते. म्हणून मी रंगावर विसंबत नाही. कडेचा आकार, दातांचा आकार, बोटाला लागणारा घट्टपणा हे सगळे मिळून पाहते. उन्हात, खुर्ची दाराशी ओढून.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगते. मागच्या मेळाव्यात चहाच्या वेळी एका ज्येष्ठ बंधूंनी मला विचारले, "आदिवासींच्या हिरड्या आपल्यापेक्षा मजबूत असतात ना? ते ऊस सोलून खातात, दाताने गाठी सोडतात." विचारण्यात प्रेमच होते. पण सगळ्या पाड्यांना मिळून 'आदिवासी हिरडी' अशी एक काही नसते. भिल्ल घरातल्या सख्ख्या बहिणी मी पाहिल्या आहेत, एकीची पातळ, एकीची जाड. माझ्या स्वतःच्या घरात माझी पातळ आणि माझ्या भावाची जाड आहे. तो लहानपणापासून ब्रशने फरशी घासावी तसे दात घासतो आणि त्याला काही होत नाही, याचा मला रागही येतो. बेल्जियममध्ये शंभर तरुण निरोगी माणसांची अशी पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात साधारण एक तृतीयांश जणांची हिरडी पातळ निघाली आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. आपल्या जवळचे म्हणाल तर कर्नाटकात दावणगेरे इथे २००५ च्या सुमाराला झालेल्या मोजणीतही स्त्रियांची हिरडी पुरुषांपेक्षा पातळ, आणि कमी वयाच्या गटाची मोठ्या वयाच्या गटापेक्षा जाड आढळली. हे आकडे सातपुड्याला जसेच्या तसे लावू नयेत. पण एवढे तर नक्की की एका खोलीत चाळीस मुली बसल्या असतील तर त्यांत दोन्ही प्रकार असणार, आणि व्हरांड्यातून सगळ्यांना एकच हुकूम सोडणारी डॉक्टरीण त्यांतल्या काहींचे नुकसान करणार.

एका माणसाच्या तोंडातही सगळीकडे सारखी जाडी नसते, बरे का. टाळूची हिरडी चांगली जाड असते. खालचे पुढचे दात आणि सुळे यांच्या बाहेरच्या बाजूला ती फार पातळ असते. एखादा दात रांगेच्या बाहेर ढकलला गेलेला असला की तिथे आणखीच पातळ. त्या मुलीचा तो दात नेमका तसा होता: खालचा, पुढचा, रांगेतून अर्धे पाऊल पुढे आलेला. पातळ हिरडी, पुढे आलेला दात, कडक ब्रश, आणि आज्ञाधारक स्वभाव. चारही गोष्टी एकत्र आल्या.

तुम्ही म्हणाल, म्हणजे जाड हिरडी बरी. तसेही नाही. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या एक मावशी आहेत. गेली पंचवीस-तीस वर्षे मशेरी लावतात. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरड्यांवर घासायची. 'लावल्याशिवाय शौचाला होत नाही' हे त्यांचे म्हणणे आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी बायकांचे. मावशी मला म्हणाल्या, "बाई, पोरींचं बघा. माझ्या हिरड्या दगड आहेत. कधी रक्त नाही, कधी दुखलं नाही." खरोखरच हिरडी जाड, घट्ट, कुठेही सरकलेली नाही. बाहेरून पाहून मी पुढे गेले असते. सवयीने प्रोब घातला तर मागच्या दाढांशी तो सात मिलिमीटर आत गेला.

जाड हिरडीचा घात असा असतो. दातावरच्या किटणातले जंतू पातळ हिरडीला खाली सरकवतात. आजार दिसतो, माणूस आरशात पाहून घाबरतो आणि येतो. जाड हिरडी सरकत नाही. ती सुजते, जागीच उभी राहते आणि तिच्या आड हाड झिजत जाते. खिसा तयार होतो. शर्टाचा खिसा वरून नीटच दिसतो, आत किती खोल आहे ते हात घातल्यावर कळते. त्यात तंबाखू. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येते, हे पक्के ठाऊक झालेले आहे. म्हणजे धोक्याची घंटाच बांधून ठेवल्यासारखे. मावशी मशेरी लावतात, ओढत नाहीत, पण 'रक्त नाही म्हणजे रोग नाही' हा त्यांचा दिलासा मला तिथेच मोडावा लागला. त्यांच्या दोन दाढा काढाव्या लागल्या. बाकीच्यांची खोल सफाई झाली, आणखी एकदा व्हायची आहे. मशेरी सुटलेली नाही. आधी चार वेळा लावायच्या, आता सकाळी एकदाच लावते म्हणतात. मुली मला हळूच सांगतात की दोनदा. यापेक्षा जास्त यश माझ्या नावावर नाही, आणि अहवालात 'व्यसनमुक्ती' या शीर्षकाखाली मावशींना मोजू नये अशी मी कार्यालयाला विनंती केली आहे.

पुन्हा त्या मुलीकडे येते. सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही. पहिले काम म्हणजे नुकसान थांबवणे. तिला मऊ ब्रश दिला. पेन धरतो तसा ब्रश बोटांत धरायचा, मूठ करायची नाही. केस हिरडीच्या कडेशी तिरपे टेकवायचे, जागच्या जागी हलवायचे आणि मग दाताच्या टोकाकडे वळवून आणायचे. खालच्या दातांना खालून वर, वरच्यांना वरून खाली. ती लगेच शिकली. मागे-पुढे घासणे मी तिला शिकवले होते, तेही ती लगेचच शिकली होती.

पण हिरडी एवढी पातळ होती की नुसत्या मऊ ब्रशवर सोडणे मला धोक्याचे वाटले. खालच्या ओठाची शीर त्या जागेला ओढतही होती. टाळूवरून जाड हिरडीचा पातळ काप घेऊन दुसऱ्या जागी बसवण्याची शस्त्रक्रिया जुनी आहे. १९६८ पासून तिची रीत नीट लिहून ठेवलेली आहे. आणि यामागचे कारण मला फार आवडते. १९७५ मध्ये माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसले की वर कोणती त्वचा उगवायची हे आतला तंतुमय थर ठरवतो. टाळूचा थर नेऊन दुसरीकडे लावला की तिथेही टाळूसारखीच कणखर त्वचा येते. जागा बदलली तरी तो आपला स्वभाव सोडत नाही.

हे तिच्या वडिलांना समजावायचे होते. ते पाड्यावरून दोन तास चालत आणि मग जीपने आले. सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "टाळूचं कातडं काढून खाली लावणार. मग टाळूला काय राहणार, बाई?" असा प्रश्न मला शहरातल्या शिकलेल्या आईबापांनी कधी विचारलेला नाही, ते खर्च विचारतात. मी म्हटले, "दादा, गुडघा खरचटल्यावर भरून येतो तशी टाळू दोन-तीन आठवड्यांत भरते. तोपर्यंत तिखट बंद, भाकरी दुधात कुस्करून." ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ब्रश तुम्हीच दिलेला ना?" मी हो म्हटले. आणखी काही सांगण्यासारखे नव्हते. त्यांनी मुलीकडे पाहिले, ती म्हणाली करू या, तेव्हा त्यांनी अंगठा नाही, सही केली. सही करता येते हे त्यांनी मला मुद्दाम दाखवले असे मला वाटले, आणि ते बरोबरच होते.

शस्त्रक्रिया शहरातल्या एका दंतमहाविद्यालयात झाली. मी गाल धरून उभी होते. कापणे-शिवणे माझ्यापेक्षा पुष्कळ कुशल हातांनी केले. काप सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा. तो रुजला. उघडे मूळ पूर्ण झाकले गेले नाही, अर्ध्याच्या आसपास झाकले गेले. या प्रकारच्या शस्त्रक्रियेत तेवढीच आशा धरायची असते. मुख्य हेतू जाडी आणणे, आणि ती आली. प्रोब घातला तर आता दिसत नाही. फक्त रंग जुळत नाही. तिची हिरडी काळसर आणि टाळूचा तुकडा फिकट गुलाबी, त्यामुळे जोड स्पष्ट दिसतो. ती त्याला 'ठिगळ' म्हणते. खालचा ओठ खाली ओढून छोट्या मुलींना दाखवते आणि सांगते, जोरात घासाल तर असे ठिगळ लागेल. माझ्या तक्त्यांपेक्षा हे जास्त चालते.

त्यानंतर आम्ही शिबिराची पद्धत बदलली. आधी प्रत्येकीच्या हिरडीकडे पाहायचे, कार्डावर 'पा' किंवा 'जा' लिहायचे, मगच ब्रश हातात द्यायचा. वेळ दुप्पट लागतो. एका दिवसात जितकी तोंडे पूर्वी तपासून होत तितकी आता होत नाहीत, आणि म्हणून या वर्षीच्या अहवालातला आकडा मागच्या वर्षीपेक्षा लहान आहे. एका बंधूंनी पत्र लिहून विचारले होते की काम कमी का झाले. त्यांना वाटले तसे ते कमी झालेले नाही. 'पा' असेल तर मऊ ब्रश, दर सहा महिन्यांनी पाहणी, आणि पुढे आलेला दात असेल तर वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवणे. पातळ हिरडी हा रोग नव्हे. तोंड स्वच्छ राहिले आणि हात हलका राहिला तर ती जन्मभर टिकते, हेही त्याच वेळी सांगायचे, नाहीतर मुली घाबरून घासणेच सोडतात. तसे एकीने केलेही. 'जा' असेल तर ब्रश मऊच, पण प्रोब घातल्याशिवाय सोडायचे नाही, विशेषतः घरी मशेरी असेल तर. दातवणालाही माझी बंदी नाही. बाभळीची, कडुनिंबाची काडी नीट चावून मऊ केली तर चालते; कडक टोकाने हिरडी खरवडली की तेही कडक ब्रशच.

आता तुमच्याकडे मागणे. पांढरे शुभ्र दात करणाऱ्या पावडरी पाठवू नका, त्या खरखरीत असतात. कडक आणि मध्यम ब्रश पाठवू नका. वसतिगृहाच्या कोठीत जुन्या खोक्यांतले काही अजून आहेत. रेक्टरबाई त्यांनी कंगवे आणि चपला साफ करून घेतात, त्या कामाला ते उत्तम आहेत. मऊ ब्रश लवकर वाकतो, तीन महिन्यांनी बदलावा लागतो, म्हणजे एका मुलीला वर्षाला चार. पुढचे शिबिर दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे. खोके बांधण्यापूर्वी प्रत्येक ब्रशच्या पाकिटावर 'सॉफ्ट' असे लिहिले आहे का, तेवढे चश्मा लावून पाहा.